गार्डसाहेबांची मोजणी

बडोद्याच्या प्रतापनगर स्टेशनातून सुटणाऱ्या छोट्या गाडीवर दत्ताजीराव इंगळे यांनी एकतीस वर्षं गार्ड म्हणून काढली. तेवढ्या वर्षांत त्यांनी दोन गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही. एक दुसऱ्याचं घड्याळ, आणि दुसरी दुसऱ्याने केलेली मोजणी. डबे नऊ आहेत असं स्टेशनमास्तरने लिहून दिलं तरी हे गृहस्थ शेपटापासून इंजिनापर्यंत चालत जाणार, प्रत्येक डब्याला हात लावणार, आणि मगच हिरवी झेंडी हलवणार. ड्रायव्हर लोक वैतागायचे. "साहेब, डबा काय उडून जाणार आहे?" असं कुणी विचारलं की यांचं उत्तर तयार. "उडत नाही म्हणूनच मोजायचा. उडणारी वस्तू मोजून काय उपयोग?" यात काय अर्थ होता तो त्यांनाच ठाऊक, पण आवाज असा की समोरचा गप्प बसायचा.

ही छोटी गाडी डभोई, बोडेली करत छोटा उदेपूरला जायची. वेग असा की तरणा पोरगा उतरून, शेतातली काकडी तोडून परत चढेल. पलीकडे गाडी थांबली की परतीला चार-पाच तास असायचे. बाकीचे लोक त्या वेळात झोपायचे नाहीतर पत्ते कुटायचे. दत्ताजीराव रानात जायचे. तिथल्या अभयारण्यात डोंगरावरून उतरणारे दोन धबधबे होते. आसपासचे राठवा आदिवासी त्यांना मोटो धोध आणि नानो धोध, म्हणजे मोठा आणि लहान धबधबा, म्हणायचे. पावसाळ्यात दोन्ही भरून वाहायचे, आणि बडोद्यातल्या कुणाला त्यांचा पत्ताही नव्हता. एकोणऐंशी साली दत्ताजीरावांनी रेल्वे कॉलनीतल्या अकरा जणांना सोबत नेलं, वनखात्याच्या चौकीमागे ताडपत्री ताणली, आणि तेव्हापासून दर श्रावणात "इंगळ्यांचा कॅम्प" ठरूनच गेला.

सुरुवातीला सतरंजी आणि पितळी डबे घेऊन येणारी मंडळी असायची. एक्याण्णवनंतर हळूहळू पाठीवरच्या पिशव्या आल्या, दोन-दोन हजारांचे बूट आले, कॅमेरे आले. नव्या कंपन्यांतली, गोत्रीकडच्या नव्या सोसायट्यांतली पोरंपोरी आली. त्यात गुजराती आले, सिंधी आले, एक बंगाली जोडपंही आलं. इंगळे स्वतः नागरवाड्यातली भाड्याची जागा सोडून गोत्रीच्या फ्लॅटमध्ये गेले होते. काळ बदलला, कॅम्पचे नियम बदलले नाहीत. नाव नोंदवलं की नंबर मिळायचा. तो दोन दिवस तुमचा. शिट्टी वाजली की ओळीने आपापला नंबर ओरडायचा, एक, दोन, तीन, आणि सगळे पूर्ण झाल्याशिवाय पाऊल हलणार नाही. एखाद्या मॅनेजरला शाळेतल्यासारखं "चौदा!" म्हणून ओरडायला लाज वाटायची. तो एकदा पुटपुटला की दत्ताजीराव पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. एकोणीस वर्षांत माणूस तर सोडाच, कुणाची चप्पलदेखील मागे राहिली नव्हती. हे ते स्वतःच सांगायचे, आणि दर वर्षी सांगायचे.

या एकोणीस वर्षांत त्यांची बायको विमल एकदाही कॅम्पला गेली नव्हती. त्यांनी "येतेस का?" असं विचारलं नाही आणि तिने "येऊ का?" असं म्हटलं नाही. घरात ज्या गोष्टी कधीच ठरवल्या जात नाहीत, त्या सर्वांत पक्क्या असतात. ती दशम्या करून द्यायची, लोणचं बांधून द्यायची, आणि ते परतले की चिखलाचे मोजे भिजत घालायची. धबधबा तिने पाहिला तो एवढाच, मोज्यांतून निघालेला.

अठ्ठ्याण्णव साली मुलाचा, आशयचा, बंगळूरहून फोन आला. तो कॉम्प्युटरच्या नोकरीला तिकडे गेला होता. "बाबा, आईला एकदा ने ना. सगळ्या जगाला नेतोस." दत्ताजीराव म्हणाले, "तिला डायबेटीस आहे." आशय म्हणाला, "घरी बसूनही आहेच की." याला काही उत्तर नव्हतं. आणि उत्तर नसलं की दत्ताजीराव कबूल व्हायचे, हा त्यांचा गुण होता.

विमल निघाली. पांढरे कॅनव्हासचे बूट घातले, त्यावर नऊवारी नको म्हणून सुती पाचवारी, ती जरा वर खोचलेली. वहीत नाव घालायची वेळ आली तेव्हा नोंद झालेले बावीस होते. नंबर एक स्वतः दत्ताजीराव. शर्वरी नावाची एक मुलगी, विसावा नंबर तिचा, हसत म्हणाली, "काका, काकूंना तेवीस द्या." दत्ताजीराव म्हणाले, "तिला कशाला नंबर? ती घरचीच आहे." सगळे हसले. विमलसुद्धा हसली. त्यात कुणाला काही खुपलं नाही, खरं सांगायचं तर कौतुकच वाटलं.

रविवारची सकाळ लख्ख उजाडली. आभाळात ढगाचा कपटा नव्हता. सव्वासातला चहा झाला, त्याबरोबर विमलने दोन बिस्किटं खाल्ली. साडेसातला दत्ताजीरावांनी नेहमीप्रमाणे तिला इन्शुलिनचं इंजेक्शन दिलं. हे काम ते चार वर्षं रोज करत होते, कम्पाउंडरला लाजवतील असं. इंजेक्शननंतर तास-सव्वा तासात पोटभर खाणं झालंच पाहिजे, हा डॉक्टरांचा हुकूम. हिशेब सोपा होता. अर्धा तास चालून नानो धोध, पंधरा मिनिटं बघायचं, परत तळावर, आणि साडेआठ-पावणेनऊला गरम पोहे. आचारी मागे कांदे चिरत बसलाच होता.

वाटेत एक ओहळ आडवा होता. पात्र दीडशे फुटांचं, पण पाणी घोट्याएवढं, दगडांवर पाय देत सगळे पलीकडे गेले. धबधब्याशी पोचल्यावर पोरं पाण्यात शिरली. विमल एका खडकावर बसली. वरून पडणारं पाणी, त्याचे उडणारे तुषार, सगळं ती बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की दत्ताजीरावांना ओळखीचं वाटेना. पंधरा मिनिटं संपली. त्यांनी शिट्टी ओठाला लावली तेव्हा ती म्हणाली, "अहो, अजून थोडा वेळ बसू या का?"

छत्तीस वर्षांच्या संसारात तिने स्वतःसाठी मागितलेलं त्यांना आठवेना. त्यांनी शिट्टी खाली घेतली. कॅम्पच्या इतिहासात पहिल्यांदाच वेळापत्रक मोडलं. पोरं टाळ्या वाजवू लागली. दत्ताजीराव तिच्याशेजारी जाऊन बसले आणि उगीचच म्हणाले, "मोटो धोध याहून मोठा आहे." ती म्हणाली, "हाच पुरे आहे." असा पाऊण-एक तास गेला. त्या तासाबद्दल त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

परतताना ओहळापाशी आले तेव्हा साडेनऊ वाजत आले होते. रांगेच्या शेवटी चालायला वेस्ताभाई हा तिथलाच राठवा वाटाड्या असायचा. त्याच्या पुढे काही पावलं विमल होती. ओहळाच्या काठाला आल्यावर ती थांबली. झाडीकडे बघून वेस्ताभाईला काहीतरी म्हणाली आणि करवंदीच्या जाळीमागे गेली. बाईमाणसाची अडचण, वेस्ताभाईने नजर फिरवली आणि पाण्यात पाय घातला.

अलीकडच्या काठावर शिट्टी झाली. एक, दोन, तीन... बावीस. एकही आवाज कमी नाही. वेस्ताभाई पोचला, म्हणाला, "साहेब, बेन आवे छे." दत्ताजीरावांनी मान हलवली. यायचीच, जाते कुठे? ते पोरांना तंबू कसे सोडायचे ते सांगू लागले. दोऱ्या आधी, खुंट्या नंतर. हे सांगायला त्यांना नेहमी दहा मिनिटं लागायची.

पाणी आलं ते आवाज न करता. म्हणजे आवाज होता, पण धबधब्याच्या घोषात तो कुणाला वेगळा कळला नाही. वर डोंगरात, मध्य प्रदेशच्या हद्दीत, रात्री केव्हातरी पाऊस कोसळला होता. इथे ऊन होतं आणि ओहळ तांबडा होऊन फुगत होता. दगड एकेक करून दिसेनासे झाले. पाच-सात मिनिटांत कमरेएवढं, मग छातीएवढं. मंडळी मागे सरकली. कुणी कॅमेरा काढला. आणि शर्वरीने विचारलं, "काका, काकू कुठायत?"

"सगळे आहेत. बावीस झाले," दत्ताजीराव म्हणाले. आणि म्हणतानाच त्यांची मान पलीकडे वळली.

पलीकडच्या काठावर पाचवारी वर खोचलेली विमल उभी होती.

त्यांनी वेस्ताभाईची गचांडी धरली. "तू म्हणालास ना, येते म्हणून?" वेस्ताभाई रडकुंडीला आला. "साहेब, बेने पोते कह्युं. हुं आवुं छुं, एम कह्युं. मने थयुं, पाछळ आवे छे." मागून येतायत असं त्याला वाटलं होतं.

दत्ताजीरावांचा हात सुटला. बेन काय म्हणाली ते त्यांना कळलं, आणि त्या काठावर ते फक्त त्यांनाच कळू शकत होतं. आपल्या घरात कुणी "जाते" म्हणतं का? अभद्र. बाई वाण्याकडे निघाली तरी "येते", माहेरी निघाली तरी "येते". विमलने "येते हं" हेच म्हटलं होतं, फक्त समोरचा राठवा म्हणून गुजरातीत म्हटलं होतं. सगळा जन्म बडोद्यात काढून तिची गुजराती अशीच होती, मराठीच्या सांध्यांवर बेतलेली. भाजीवालीला ते चालायचं. नारायण-नारायण करत दारी येणाऱ्या दूधवाल्यालाही चालायचं. ओहळाच्या काठावर नाही चाललं. पण वेस्ताभाईचा काय दोष? त्याने ऐकलं ते सांगितलं. मोजणी तर दत्ताजीरावांनी केली होती, आणि मोजणीत ती नव्हती. गाडीला डबा जोडला आणि वहीत लिहिलाच नाही, तर तो सुटल्यावर ओरडायचं कुणावर?

कुणावर तोंड टाकत बसायला वेळ नव्हता. वेस्ताभाईने कमरेला दोर बांधून पाण्यात पाऊल टाकलं, दहाव्या पावलाला त्याचे पाय उचलले गेले, आणि चौघांनी ओढून त्याला बाहेर काढलं. मग ठरलं की वेस्ताभाईने दोन पोरांना घेऊन चौकीवर जायचं, जीप मिळाली तर जीपने नाहीतर पायी, पुलावरून वळसा घालून पलीकडे यायचं. वळसा चौदा किलोमीटरचा होता. दत्ताजीरावही निघाले, चार पावलं गेले, आणि मागे वळून पाहिलं तर ती त्यांच्याकडेच बघत होती. आपण दिसेनासे झालो तर ती घाबरेल, पाण्यात उतरेल. ते परत फिरले. जावं तर राहणं सुटतं, राहावं तर जाणं सुटतं. ते राहिले.

दहा वाजले. इंजेक्शनला अडीच तास झाले होते, पोटात दोन बिस्किटं. आता काय होणार हे दत्ताजीरावांना पाठ होतं. आधी घाम, मग हात थरथरणं, मग बोलण्यात गोंधळ, मग झोप आल्यासारखी बेशुद्धी. घरी असं एकदा झालं होतं तेव्हा त्यांनी चमचाभर साखर तिच्या जिभेवर घातली आणि पाच मिनिटांत ती उठून बसली होती. चमचाभर साखर! एरवी हीच साखर त्यांनी कपाटात कुलपात ठेवलेली. दिवाळीत बेसनाचे लाडू झाले की डबा मोजून ठेवायचा, तिच्यापासून. ती लपून खाते हे त्यांना माहीत होतं, आणि पकडली की बोलायचेही. तिच्याच भल्यासाठी. इथे अलीकडच्या काठावर साखर होती, बिस्किटांचे पुडे होते, केळी होती. एका तगड्या पोराने पिशवीत दगड घालून पुडा भिरकावला. तो निम्म्यातसुद्धा पोचला नाही, तांबड्या पाण्याने गिळला. दुसरा गेला, तिसरा गेला. मग त्यानेच हात खाली टाकले.

हाक जात नव्हती. धबधबा आणि पूर मिळून असे गर्जत होते की शेजारच्यालाही कानात सांगावं लागे. तेव्हा दत्ताजीराव एका उंच दगडावर चढले आणि हातांनी बोलू लागले. जन्मभर त्यांनी लांबच्या माणसाशी हातांनीच बोलून पोट भरलं होतं. दोन्ही हात खाली दाबून, बस. तिला कळलं, ती बसली. मग त्यांनी बोटं जुळवून हात तोंडाकडे नेला. खा. काहीतरी खा. पुन्हा नेला. तुझ्याकडे आहे का काही? एखादं फळ, पाला, काही? ते पुन्हा पुन्हा हात तोंडाशी नेत राहिले, मान झटकून, डोळे फाडून, तोंडाने ओरडत.

विमलचा हात कमरेच्या पिशवीपाशी होता. तो तिने काढून घेतला. दोन्ही तळवे उघडून त्यांच्यासमोर धरले आणि मान हलवली. काही नाही.

काही नाही तिच्याकडे, दत्ताजीरावांना वाटलं. त्यांनी शिट्टी फुंकली. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शिट्टी फुंकली की काहीतरी चालू होतं, एवढंच हाताला माहीत होतं. विमलने खाली मान घातली. त्यांनी पुन्हा हात तोंडाकडे नेला. तिने पुन्हा तळवे दाखवले. पदराने कपाळ पुसलं. मग थोड्या वेळाने पुन्हा पुसलं. मग पुसणं थांबलं, आणि ती हळूहळू एका कुशीवर कलली.

शर्वरी रडायला लागली. दत्ताजीराव रडत होते ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं. दीडशे फूट. प्रतापनगरच्या फलाटाच्या एका टोकाकडून चहाच्या गाड्यापर्यंत इतकंच अंतर असेल. त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या आणि पाण्याकडे धावले, पण चौघांनी त्यांना धरून खाली बसवलं. ते साठीचे, पोरं पंचविशीची. धरलेल्या हातांत ते धडपडत होते आणि देवाला म्हणत होते की मला ने, नाहीतर पाणी ने, काहीतरी ने. देव त्या दिवशी दुसऱ्या कामात असावा.

अकराच्या सुमारास पलीकडच्या झाडीतून बकऱ्या आल्या. त्यांच्यामागून एक राठवा बाई. ती विमलपाशी थबकली, वाकली, गालावर चापट मारून पाहिली. दत्ताजीरावांनी उठून हात तोंडाकडे नेले, उड्या मारल्या. बाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, वेडा म्हातारा समजून पुन्हा वाकली. कमरेच्या फडक्यातून काहीतरी काढून विमलच्या तोंडात घातलं. मग तिने हाक दिली असावी, कारण आणखी एक बाई आली. दोघींनी विमलला उचललं, आणि झाडी त्यांच्यामागे मिटली.

आता काठावर बघायलाही काही उरलं नाही. तोंडात काय घातलं, जीव आहे की नाही, कुठे नेलं, काही कळायला मार्ग नाही. दत्ताजीराव तीन तास त्या दगडावर बसून होते. पोहे आणले गेले आणि तसेच परत गेले. तेवढ्या वेळात त्यांनी एकच गोष्ट केली. शर्वरीकडून वही मागितली, बावीसच्या खाली तेवीस घातलं, आणि पुढे "विमल" लिहिलं. लिहिल्यावर ते त्यांना इतकं फालतू वाटलं की पान फाडून पाण्यात टाकलं.

दोन वाजता पाणी जसं चढलं तसंच उतरलं. वळशाने गेलेल्या वेस्ताभाईचा अजून पत्ता नव्हता, पूलही पाण्याखाली गेला असावा. गुडघ्याएवढं झाल्यावर दोर धरून ते पलीकडे गेले. बकऱ्यांच्या लेंड्यांच्या मागाने अर्धा मैल गेल्यावर एक झोपडी दिसली. दारात खाट होती, आणि खाटेवर विमल बसली होती. हातात जर्मनची वाटी, वाटीत गुळाचा काळा चहा. चेहरा पांढराफटक, पण डोळे उघडे. शेजारी ती बकरीवाली बाई उकिडवी बसून बिडी ओढत होती. फडक्यातला गुळाचा खडा तिने स्वतःच्या भाकरीसाठी बांधून आणलेला होता.

दत्ताजीराव खाटेपाशी आले आणि जमिनीवरच बसले. विमलने त्यांना पाहिलं आणि घाईघाईने वाटी खाली ठेवली.

"हा गूळ यांनीच दिला हो," ती म्हणाली. आवाज अजून जड होता. "मी नको म्हणायला हवं होतं, पण मला शुद्धच नव्हती."

"अगं..." दत्ताजीराव म्हणाले.

"रागावू नका. मला कळत होतं, घाम फुटला, हात कापायला लागले, कळत होतं सगळं. पण तुम्ही समोर उभे. केवढे ओरडत होतात! शिट्टी काय, हात काय. मला वाटलं आता घरी गेल्यावर काही खरं नाही." तिने कमरेची पिशवी चाचपली. "आणि तुम्ही सारखं हात तोंडाकडे नेऊन विचारत होतात ना, काय खाल्लंस म्हणून? मी सांगत होते, काही नाही खाल्लं. तुम्हाला खरंच वाटेना."

तिने पिशवी उलटी केली. तिच्या मांडीवर लिंबाच्या गोड गोळ्या पडल्या, चांदीच्या कागदातल्या, बडोद्यात घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या दुकानात मिळतात तसल्या.

"निघताना चोरून टाकल्या होत्या, खोटं कशाला बोलू? एक काढलीही होती, तेवढ्यात तुम्ही हात केलात. मग परत ठेवली." तिने गोळ्या ओंजळीत गोळा करून त्यांच्यापुढे धरल्या. "दहा घेतल्या होत्या. मोजून बघा."